सुभद्रेचं वय

प्रिय कीर्तीताई शिलेदार,



मी शेवगाव तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. गेला महिनाभर शाळा सुटल्यावर सहावी-सातवीच्या मुलींना थांबवून घेते आणि ‘सौभद्र’ बसवते. सगळं नाटक नाही. तीन प्रवेश, मिळून चाळीस मिनिटं, जानेवारीतल्या स्नेहसंमेलनासाठी. माझी सुभद्रा बारा वर्षांची आहे. काल तालमीत ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “बाई, सुभद्रा केवढी होती?”

मी म्हटलं, लग्नाचं चाललंय तिच्या, म्हणजे असेल तशी.

“म्हणजे आमच्या ताईएवढी?”

हो म्हटलं. ती पुन्हा जागेवर गेली आणि रुक्मिणीवहिनीशी बोलायचं तेच वाक्य बोलली. या वेळी आवाज खाली आला होता, मान वळली नव्हती, ओढणीच्या टोकाशी बोटं चाळवत होती. मी तिला यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. उलट पंधरा दिवस मी तिला शिकवत होते की पदर असा धरायचा, मान अशी कलती करायची, डोळे असे वळवायचे. हे सगळं मी तरी कुठून आणलं होतं? जुन्या फोटोंतून. बालगंधर्वांच्या फोटोंतून.

रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसले ती तुम्हाला लिहायला. २२ जानेवारी २०२२ ला तुम्ही गेलात हे ठाऊक असूनही. ज्या वयात माझी पोर अडली, त्या वयात तुम्ही रंगमंचावर उभ्या होतात. हा प्रश्न तुमच्याखेरीज कुणापुढे ठेवावा ते मला सुचत नाही.

आमच्या शेवगावचा आणि तुमच्या नाटकांचा एक जुना धागा आहे. गणपतराव बोडस इथले. ‘संशयकल्लोळ’चा फाल्गुनराव आणि ‘एकच प्याला’चा सुधाकर ज्यांनी पहिल्यांदा उभा केला, ते बोडस. बालगंधर्व आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली, ते बोडस. मुलींना मी हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, “मग त्यांची बायको कोण व्हायचं?” नाटकातली बायको, असं तिला म्हणायचं होतं. बालगंधर्व, मी म्हटलं. वर्गात आधी हसू फुटलं, मग सगळ्या गप्प झाल्या. सिंधू पुरुषानं केली, रुक्मिणी पुरुषानं केली, भामिनी पुरुषानं केली, आणि आपण जी सुभद्रा करतोय तीही १८८२ साली पुण्यात भाऊराव कोल्हटकर नावाच्या तरुणानं केली. मुलींना हे कोडं वाटलं. मला मात्र तोवर त्यात कोडं असल्याचं जाणवलंच नव्हतं.

कीर्तीताई, तुमच्या सुरुवातीच्या वर्षांकडे मी आता या वाटेनं पाहते आहे. लोक तुमच्याबद्दल लिहिताना चार हजारांवर प्रयोगांचा आकडा लिहितात, २०१८ च्या मुलुंडच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद लिहितात, परंपरा जपली असं लिहितात. जपणं हा शब्द मला आता अपुरा वाटतो. लोणचं जपतात, दागिने जपतात. दहा-बारा वर्षांची मुलगी ऐंशी वर्षं जुन्या नाटकात पाऊल टाकते आणि पुढच्या काही वर्षांत त्यातल्या नायिका एकेक करून आपल्या अंगावर घेते, तेव्हा त्या नाटकाचं वयच बदलतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते नीट मांडता यावं म्हणून हे लांबलचक पत्र.

१९४९ साली तुमच्या वडिलांनी, जयरामजींनी, ‘मराठी रंगभूमी’ ही नाटक कंपनी उभी केली तो काळ संगीत नाटकाला किती वाईट होता, हे आज कळायला कठीण आहे. १९३२ साली मराठी चित्रपट बोलू लागला आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्यांमागून कंपन्या बसल्या. थिएटरांवर पडदे लागले ते सिनेमाचे. ज्यांच्या घरात गाणं होतं त्यांनाही नाटकात घर चालेल याची खात्री नव्हती. जयरामजी स्वतः त्या सिनेमात नाव मिळवलेले. १९४७ च्या ‘रामजोशी’त त्यांनी शाहीर रामजोशी केला होता. आमच्या संगमनेरचा अनंत फंदी हा रामजोशांचाच समकालीन, त्यामुळे नगर जिल्ह्यातली माणसं तो सिनेमा जरा घरचा समजूनच पाहत. सिनेमात यश हाताशी असताना माणूस परत नाटकाकडे वळतो आणि तुमच्या आई जयमालाबाईंसारखी गाणारी नटी त्याच्या जोडीला उभी राहते. तुमचं घर असं होतं. १६ ऑगस्ट १९५२ ला तुम्ही जन्मलात त्या घरात ‘सौभद्र’ हे घरकामासारखंच रोजचं असणार.

तुम्ही रंगमंचावर आलात ते १९६० चं दशक. आजूबाजूला काय चाललं होतं ते पाहिलं की मला तुमच्या निवडीचं मोल कळतं. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’ अशी नवी संगीत नाटकं येत होती, नव्या चालींची, कमी पदांची, घड्याळाकडे पाहून लिहिलेली. दुसऱ्या बाजूला १९६७ मध्ये तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’. तुमच्या वयाच्या बुद्धिमान मुलीला हाक मारणारी ही दारं उघडी होती. तुम्ही नवी नाटकंही केलीत, ‘ययाती आणि देवयानी’ केलंत, पण पाय रोवलेत ते किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकऱ्यांमध्ये. ‘मृच्छकटिक’ची वसंतसेना, ‘मानापमान’ची भामिनी, ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘संशयकल्लोळ’ची रेवती, ‘एकच प्याला’ची सिंधू. विशी ओलांडायच्या आसपास एखाद्या मुलीनं या सगळ्या बायकांची ओळख करून घ्यायची, म्हणजे तिला किती लवकर किती आयुष्यं जगावी लागली असतील!

आणि या प्रत्येकीच्या अंगावर एका पुरुषाचा ठसा होता. इथं मला थोडं थांबायचं आहे.

बालगंधर्व हे मराठी माणसाचं दैवत आहे आणि मीही त्यांच्या गाण्यापुढे हात जोडते. १९१६ मध्ये ते रुक्मिणी झाले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, १९२१ च्या ‘संयुक्त मानापमाना’त केशवराव भोसल्यांसमोर भामिनी झाले तेव्हा तेहतीस. पुरुषाला बाई व्हायचं असतं तेव्हा बाईपण उभं करावं लागतं, एकेक लकब वेचून, तोलून, जागच्या जागी बसवून. पदर सावरण्याची एक रीत ठरते, लाजण्याची एक, रुसण्याची एक. ते इतकं सुंदर झालं की महाराष्ट्रातल्या घरंदाज बायका त्या लकबी पाहून पदर घेऊ लागल्या. पुढे हिराबाई बडोदेकर आल्या, ज्योत्स्नाबाई भोळे आल्या, तुमच्या आई आल्या, बायकांच्या भूमिका बायका करू लागल्या. पण जुन्या नाटकांपुरतं पाहिलं तर नायिकेचा साचा तयार होता, आणि प्रेक्षक तो साचा मनात घेऊन खुर्चीवर बसलेला असायचा. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी बालगंधर्वांना ऐकलेलं. हरकत इकडची तिकडे झाली की त्यांच्या कपाळावर आठी.

अशा प्रेक्षकांसमोर एक खरीखुरी मुलगी सुभद्रा म्हणून येते. तिला बाईपण उभं करायची गरजच नाही. तिला ठरवायचं आहे ते वेगळंच: साचा जसाच्या तसा अंगावर चढवायचा, की त्यातलं जे आपल्याला लागू पडेल तेवढंच घ्यायचं? माझी सातवीतली मुलगी काल याच वळणावर आली. मी तिला साचा देत होते. तिनं ताई आणली.

तुम्ही काय केलंत, हे मी तुमच्या गाण्यातून शोधते, कारण तुमच्या किशोरवयातले प्रयोग पाहायला मी नव्हते. माझ्या लहानपणी घरी रेडिओ होता. पुणे केंद्रावर नाट्यसंगीत लागलं की आजी चूल मंद करायची. चुलीतल्या लाकडांचा तडतडाट मध्ये येऊ नये म्हणून ती जाळ मागे ओढायची, हे मला फार नंतर समजलं. तुमचा आवाज मी पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात ऐकला. आजी म्हणाली, “ही पोरगी सांगतीय बघ. बाकीचे गातात.” आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, रागाचं नावही तिला ठाऊक नव्हतं. पण पद म्हणजे कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगणं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढे १९९० च्या सुमारास मी तुम्हाला पुण्यात एकदाच पाहिलं. शेवगावहून नगर, नगरहून पुणे, दोन एसट्या बदलून. ‘स्वयंवर’ होतं. तुम्ही तेव्हा चाळिशीच्या जवळ होतात. पडदा वर जाण्याआधी ऑर्गनचा सूर भरला, धुपाचा वास आला, तिसरी घंटा झाली, नांदी झाली. तुम्ही आलात. मी वाट पाहत होते पदाची, आणि पद कधी सुरू झालं तेच मला कळलं नाही. तुम्ही बोलत होतात. वाक्याच्या शेवटच्या शब्दावर सूर टेकला आणि बोलणंच गाणं झालं. शिवण कुठे दिसली नाही. त्या रात्री एका ओळखीच्या घरी जमिनीवर पडून मी विचार करत होते की हे कुणाला शिकवता येत असेल का.

आता वाटतं, ज्याला हे लहानपणी लागलं त्यालाच ते लागतं. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ला दिलेल्या चाली म्हणजे ख्यालगायकीचा अर्क. यमन, बिहाग पुरता अंगात नसेल तर त्या पदांना हात लावता येत नाही. म्हणून तुमची नीळकंठबुवा अभ्यंकरांकडची तालीम. पण बुवांकडून राग मिळाला तरी तो राग रुक्मिणीच्या तोंडी किती वेळ राहू द्यायचा, तान कुठे आवरायची, समोरचा नट काय बोलणार आहे याचं भान पदाच्या शेवटच्या आवर्तनात कसं ठेवायचं, हे बैठकीत कळत नाही. ते विंगेत उभं राहून आईचं नाटक शेकडो वेळा पाहणाऱ्या मुलीला कळतं. प्रयोग चालू असताना, मेकअपच्या वासात, कपडेपटाच्या पेट्यांवर बसून.

पट्टीची गोष्टही सांगायला हवी, कारण परवा आमच्याकडे त्यावरून मोठा पेच झाला. शाळेत पेटी नाही. गावातल्या भजनी मंडळाची पेटी मी मागून आणली आणि ती वाजवणारे काकाही आणले. काका जन्मभर काळी दोनवर बसलेले. माझ्या मुलीचा गळा खुलतो काळी चारला. काका म्हणाले, पोरीला खाली आणा. तिला खाली आणलं तर आवाज घशात अडकला, सुभद्रा आजारी वाटू लागली. दोन संध्याकाळ गेल्या. शेवटी काकांनीच घरी बसून बोटं फिरवली आणि तिच्या पट्टीत वाजवायला शिकले, सत्तरीच्या वयात. मग बलराम करणाऱ्या मुलीचा सूर वेगळा निघाला, तर काकांनी प्रत्येक पदाआधी पट्टी बदलायची तयारी ठेवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुरुषाच्या गळ्यासाठी बांधलेली ही पदं बायकांनी गायला घेतली, तेव्हा तुमच्या ऑर्गनवाल्यांनाही हेच करावं लागलं असणार. एका प्रवेशात अर्जुनाची पट्टी एक, सुभद्रेची दुसरी, आणि श्रोत्याला सांधा खडखडता कामा नये. नाटक पुन्हा उभं करणं म्हणजे असल्या बारीकसारीक गोष्टी सोसणं. भाषणात त्या कुणी सांगत नाही.

स्पर्धांतून हल्ली संगीत नाटकं पाहते. मुलं जीव तोडून मेहनत करतात आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण बरीच जणं ध्वनिफीत ऐकून हरकतीन् हरकत उचलतात, श्वास जिथे मूळ गायकानं घेतला तिथेच घेतात. ते ऐकताना मला माझ्याच त्या पंधरा दिवसांची आठवण होते. एखाद्या कलावंताचं ऋण फेडायचा तो मार्ग नव्हे, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या सुभद्रेत जयमालाबाई होत्या, त्यांच्या मागे बालगंधर्व होते, पण बोलत होतात तुम्ही.

‘स्वरसम्राज्ञी’बद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही, कारण त्यात आमचा मुलूख येतो. विद्याधर गोखल्यांनी ‘पिग्मॅलियन’च्या धाग्यावर ते नाटक लिहिलं. तमाशातली गाणारी पोरगी, तिला शास्त्रोक्त गाणं शिकवून उभं करण्याची जिद्द. तुम्ही विशीत होतात. पहिल्या अंकातला लावणीचा मोकळा गळा आणि पुढचा घोटलेला ख्याल एकाच नटीच्या कंठातून यायला हवा, अशी ती भूमिका. जुन्या नाटकांत दहा वर्षं मुरलेल्या मुलीखेरीज ती कुणाला पेलली असती? आमच्या जिल्ह्यात तमाशा म्हणजे परकी गोष्ट नाही. चैत्र लागला की जत्रांमागून जत्रा, तंबू, रात्रभर ढोलकी. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांनी तर वगनाट्यात शिवाजी महाराजांची भूमिका केली. म्हणजे इकडे पुरुष सुभद्रा होत होते तेव्हाच्या महाराष्ट्राच्या पोटातून पुढे एक बाई शिवाजी होऊन उभी राहिली, आणि हजारोंच्या गर्दीनं तिला मुजरा केला. या दोन परंपरांना एकमेकींच्या शेजारी बसलेलं मी फारसं कुठे पाहिलं नाही. तुमच्या त्या भूमिकेत त्या दोघी एकाच मुलीच्या अंगात राहायला आल्या होत्या.

माझी मुलगी गाणं कुठे शिकली, हे विचाराल. सप्ताहात. हरिपाठाला ती पहिल्या ओळीत उभी असते, गवळण म्हणताना तिचा आवाज देवळाच्या शिखराला लागतो. तिला आवरायला शिकवावं लागतंय. गर्दीला नाही, एका वहिनीला सांगायचंय गं, असं मी तिला रोज म्हणते. बलरामदादानं आपल्याला न विचारता दुर्योधनाशी लग्न ठरवलं, हे ती वहिनीला सांगते तो प्रवेश तिला सगळ्यांत जवळचा वाटतो. कारण मी विचारलेलं नाही.

तिचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत. दिवाळी झाली की आमच्या शेवगाव-पाथर्डीच्या कितीतरी वाड्यावस्त्यांतली घरं कुलूपबंद होतात, कोयते घेऊन टोळ्या निघतात त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या वर्षी तिला आजीपाशी ठेवलं, ते नाटकासाठी. तिच्या आईनं जाताना मला सांगितलं, “बाई, तेवढं नाटक होऊ द्या, मग बघू.” या “मग बघू”ची मला धास्ती वाटते. तुम्ही बारा वर्षांच्या असताना तुमचं घरच नाटकामागे गावोगाव जात होतं. हिचं घर उसामागे जातं. दोघींच्या वाटेत ट्रंका, बोचकी, परक्या गावातली रात्र. पण तुमच्या घराच्या शेवटी रंगमंच होता आणि तुम्हाला ऐकायला बसलेली आई होती.

तुम्ही पुढे शिबिरांतून तरुणांना शिकवलंत. तुम्ही असतात तर मी हिला एसटीनं पुण्याला आणलं असतं, दोन गाड्या बदलून, आणि तुमच्यासमोर उभी करून तो एकच प्रवेश म्हणायला लावला असता. तुम्ही तिला पदर कसा धरायचा ते सांगितलं असतंत, की ओढणीशी चाळा करणारी ती बोटं तशीच राहू दिली असतीत? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. उद्यापासून मी तिला फोटो दाखवणार नाही.

फक्त एक अडचण राहिली आहे. रुसून झाल्यावर ती जागेवरून उठते आणि पद सुरू करते, तेव्हा वाक्य आणि सूर यांच्यामध्ये अजून श्वासभर फट पडते. काका म्हणतात, मी आधी सूर भरतो, तिनं त्यावर यावं. मला वाटतं, तिनं आधी यावं आणि काकांनी मागून. उद्या संध्याकाळी दोन्ही तऱ्हांनी करून पाहणार आहोत.

तुमची नम्र,
शेवगाव तालुक्यातली एक शिक्षिका